साग्रसंगीत, सांगीतिक आणि सुरेल

मराठी कुटुंबात संगीताचे नाव गाण्याच्या निमित्ताने जितके निघते, त्याहून अधिक ते देवघर आणि स्वयंपाकघर यांच्या निमित्ताने निघत असावे. "सत्यनारायणाची पूजा साग्रसंगीत झाली," "व्याह्यांनी पंगत अगदी साग्रसंगीत घातली," "मुंजीचा बेत साग्रसंगीत आहे, चार दिवस आधीच या," ही वाक्ये ज्या घरात कोणी कधी तंबोऱ्यास हात लावलेला नाही त्या घरातही सहज ऐकू येतात. बोलणाऱ्याच्या मनात त्या वेळी सूर नसतो, ताल नसतो. पानातल्या मीठ-लिंबापासून शेवटच्या विड्यापर्यंत काही उणे राहिले नाही, एवढाच अभिप्राय असतो.

मग या शब्दात संगीत आले कोठून? फोड कठीण नाही. अग्र म्हणजे टोक, शेंडा. साग्र म्हणजे शेंड्यासकट, अर्थात संपूर्ण. जे संपूर्ण आहे आणि शिवाय संगीतासह आहे, ते साग्रसंगीत. पूजेची पोथी उघडली म्हणजे उलगडा पुरता होतो. आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य असे सोळा उपचार आटोपल्यावर ज्यास ऐपत व हौस असेल तो देवास राजोपचार अर्पण करतो. त्यांत छत्रचामरांबरोबर गीत, वाद्य आणि नृत्य हीही असतात. घरच्या पूजेत गुरुजी यांचा नुसता उच्चार करून अक्षता वाहावयास सांगतात आणि यजमान त्या निमूटपणे वाहतो. जेथे अक्षतांवर न भागविता खरोखरच गायिले-वाजविले जाते, ती पूजा शब्दशः साग्रसंगीत.

जालना जिल्ह्यातील वाचकांस अशा पूजेसाठी फार दूर जावयास नको. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मस्थान. शके १५३० च्या, म्हणजे इ. स. १६०८ च्या, चैत्र शुद्ध नवमीस सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी त्यांचा जन्म झाला, आणि ती तिथी रामनवमीचीच असल्याने तेथील उत्सवास दुहेरी अर्थ आहे. ज्यांचे नाव मनाच्या श्लोकांमुळे घरोघर आहे, त्या समर्थांस संगीताचेही अगत्य होते, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात नसते. दासबोधाच्या चौथ्या दशकातील दुसरा समास कीर्तनभक्तीचा. त्यात ताल, मृदंग, संगीत, नृत्य, तानमान यांची नावे घेऊन समर्थ लगेच बजावतात की, कथेचे अनुसंधान मात्र तुटू देऊ नये. चौदाव्या दशकात कीर्तनाच्या लक्षणांस त्यांनी पुन्हा स्वतंत्र समास दिला आहे. गाणे हवे, परंतु ते कशाच्या तरी साथीस हवे, ही जी दृष्टी, तीच आमच्या 'साग्रसंगीत' या शब्दात उतरली आहे.

यावरून या विशेषणाचा उपयोग कोठे करावा, हे आपोआप ठरते. ज्या गोष्टीस क्रम आहे, उपचार आहेत, मुख्य अंगाभोवती साथीची अंगे आहेत, तिलाच ते शोभते. पूजा, लग्न, मुंज, डोहाळजेवण, पंगत, यांना ते चालेल. नुसत्या थट्टेने "आमच्या वन्संचा चहासुद्धा साग्रसंगीत असतो" म्हटले, तर तेही चालेल. कारण आले, वेलदोडा, गाळणी, बशी, बशीवर चमचा असा क्रम डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु "त्यांनी सारी हकिकत साग्रसंगीत सांगितली" हे आम्हांस खटकते. हकिकतीस आरंभ आणि शेवट असतो, उपचार नसतात. तेथे 'साद्यंत' हा शब्द तयार आहे. आणि विधी जसा शास्त्रात सांगितला तसा, एकही अंग न गाळता केला, असे सांगावयाचे असेल तर 'यथासांग' म्हणावे. 'सांग' म्हणजे अंगांसहित. या शब्दाच्या ओढीने कित्येक जण 'सांग्रसंगीत' असे लिहितात, त्यांनी एक अनुस्वार अधिक दिला आहे. शेवटच्या अक्षरापूर्वीची ई ऱ्हस्व करून 'साग्रसंगित' लिहिणारेही आढळतात. दोन्ही चूक.

आता मुख्य शब्द 'संगीत' याजकडे वळू. संगीत म्हणजे केवळ गाणे, अशी आपली समजूत असते. जुन्या शास्त्रकारांची तशी नव्हती. जालन्याहून पश्चिमेस गेले म्हणजे छत्रपती संभाजीनगराच्या पलीकडे देवगिरीचा किल्ला लागतो. तेथील यादव राजा सिंघण याच्या पदरी तेराव्या शतकात शार्ङ्गदेव नावाचा पंडित होता. घराणे मूळचे काश्मीरचे. आजोबा दक्षिणेत आले. हा गृहस्थ पेशाने राजाच्या हिशेबखात्याचा अधिकारी, आणि त्याने लिहिला तो 'संगीतरत्नाकर', जो हिंदुस्थानी आणि कर्नाटकी या दोन्ही पद्धतींचे अभ्यासक आजही प्रमाण मानतात. (जमाखर्च पाहणाऱ्या माणसास गाण्याचे काय कळते, असे विचारणाऱ्या गृहिणींनी हे नाव लक्षात ठेवावे.) त्या ग्रंथाचे अध्याय सात, आणि त्यांत शेवटचा नर्तनाचा आहे, कारण गीत, वाद्य आणि नृत्त ही तिन्ही मिळून संगीत, अशी त्याची व्याख्या. पूजेतील राजोपचारांत जी त्रयी आहे तीच येथे आहे. म्हणून साग्रसंगीत शब्दातील संगीतही नुसते गाणे नव्हे.

व्याकरणदृष्ट्या 'संगीत' हा शब्द जन्माने विशेषणच आहे. 'गै' म्हणजे गाणे या धातूपासून 'गीत', म्हणजे गायिलेले. त्यास 'सम्' लागून संगीत, म्हणजे एकत्र मिळून गायिलेले. पुढे तो नाम झाला आणि विशेषणपण विसरला गेला. मात्र मराठीने ते रंगभूमीवर जपून ठेवले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल'चा प्रयोग केला. पाठोपाठ १८८२ मध्ये 'संगीत सौभद्र' आले, १८९९ मध्ये देवलांची 'संगीत शारदा' आली, १९११ मध्ये खाडिलकरांचे 'संगीत मानापमान'. या प्रत्येक नावातील 'संगीत' हे विशेषण आहे. हे नाटक गद्य नव्हे, पद्यांसह आहे, असे ते सांगते. गद्य नाटक आणि संगीत नाटक ही जोडी ज्यांनी रूढ केली, त्यांना भाषेचा कान होता, असे म्हटले पाहिजे.

हेच विशेषण आमच्या मुलाबाळांच्या तोंडीही आहे, आणि तेही अगदी बिनचूक. गणेशोत्सवात किंवा हळदीकुंकवाच्या दिवशी जो खेळ हमखास होतो त्याचे नाव 'संगीत खुर्ची'. खुर्ची गात नाही. खुर्चीभोवतीचा खेळ वाद्याच्या साथीने चालतो. ज्या कोणी प्रथम हे नाव मराठीत आणले त्याने 'सांगीतिक खुर्ची' केले नाही, याबद्दल आम्ही त्याचे मनापासून आभारी आहो.

कारण अलीकडे हा 'सांगीतिक' शब्द जेथे तेथे वापरला जाऊ लागला आहे. शब्द स्वतः निर्दोष आहे. संगीतास 'इक' प्रत्यय लागून पहिल्या स्वराची वृद्धी झाली, म्हणजे 'सां' झाले. मधल्या 'गी'स कोणी हात लावलेला नाही, म्हणून ती दीर्घच राहते. शरीरापासून शारीरिक होते, शारिरिक होत नाही. तसेच सांगीतिक, सांगितिक नव्हे. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाने जे लेखननियम ठरविले त्यांतही तत्सम शब्दांतील उपान्त्य इकार-उकार मूळ संस्कृताप्रमाणे ठेवावे, असाच निर्वाळा आहे. याच प्रत्ययाच्या घरातले आणखी दोघे नेहमी बिघडलेले दिसतात. परंपरेपासून 'पारंपरिक' होते, लोक 'पारंपारिक' असा एक काना वाढवितात; व्यवसायापासून 'व्यावसायिक' होते, लोक पहिला काना चोरून 'व्यवसायिक' लिहितात. एकाने वाढविलेला काना दुसऱ्यास दिला असता तर हिशेब बरोबर जमला असता.

असो. शब्द निर्दोष असला तरी तो कोठे योजावा, हा प्रश्न उरतोच. 'सांगीतिक' याचा अर्थ 'संगीतासंबंधीचे', एवढाच. नाटकाची सांगीतिक बाजू, मराठवाड्याचा सांगीतिक वारसा, सांगीतिक परिभाषा, येथे तो आपल्या जागी आहे. इंग्रजीत मात्र त्याच्या जोडीचा शब्द माणसास, घरास, हसण्यास, सायंकाळीस, कशासही लागतो. आणि शिकलेली मंडळी त्याच वाटेने मराठीत "आमचा नातू फार सांगीतिक आहे" असे म्हणू लागली आहेत. संगीतासंबंधीचा नातू म्हणजे काय? मराठीत अशा मुलास "गाण्याचा कान आहे" म्हणतात, "गाण्याचे अंग आहे" म्हणतात. "ते सांगीतिक कुटुंब आहे" याऐवजी "त्यांच्या घरात गाणे आहे" हे चार शब्द किती भरीव आहेत, पाहा. अंबडला दत्तजयंतीच्या संगीतोत्सवास जाऊन आलेला मनुष्य "सांगीतिक रात्र अनुभवली" असे सांगत नाही, तो म्हणतो, "रात्रभर गाणे ऐकले." तिच्या हसण्याला 'सांगीतिक' म्हणण्यापेक्षा 'मंजुळ' किंवा 'खळाळते' म्हणावे.

आमची कसोटी सोपी आहे. 'सांगीतिक' लिहिण्याचा मोह झाला की त्या जागी 'संगीताचा, संगीताची, संगीताचे' घालून पाहावे. वाक्य उभे राहिले नाही तर शब्द चुकला. उभे राहिले, तर दहांतून आठ वेळा हे साधे रूपच अधिक चांगले असते. सांगीतिक शिक्षणापेक्षा संगीताचे शिक्षण बरे.

येथे लेखनातील एका बारकाव्याकडेही लक्ष वेधतो. 'संगीत नाटक' हे दोन शब्द सुटे, कारण पहिला दुसऱ्याचे विशेषण. परंतु 'संगीतशिक्षक', 'संगीतविद्यालय', 'संगीतविशारद' हे समास आहेत, ते जोडून लिहावे. 'संगीत शिक्षक' असे सुटे लिहिले तर, संगीत नाटकाच्या न्यायाने, जो वर्गात पदे म्हणत म्हणत गणित शिकवितो तो शिक्षक, असा अर्थ निघेल. असे गुरुजी कोठे असतील तर त्यांच्या वर्गात बसावयास आम्हांस आवडेल. परंतु पाटीवर तो अर्थ अभिप्रेत नसतो.

गंधर्व आणि गांधर्व यांचेही तसेच. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोर येथे काढलेली संस्था 'गांधर्व महाविद्यालय'. तिच्या परंपरेतील परीक्षांस महाराष्ट्रातील मुले-मुली आजही बसतात. येथे 'गांधर्व' हे विशेषण, गंधर्वांची जी विद्या ती. उलट १९१३ मध्ये निघालेली नाटकमंडळी 'गंधर्व नाटक मंडळी', कारण तेथे बालगंधर्वांचे नावच पुढे ठेवले आहे. काना कोठे द्यावा आणि कोठे देऊ नये, हे लक्षात ठेवण्यास ही जोडी पुरेशी आहे. गांधर्व विवाह हाही त्याच विशेषणाचा संसार. शाकुंतलात तोच आहे, आणि त्यात बँड, सनई, काही नव्हते, हे सुज्ञांस सांगणे नलगे.

विवाहाचा विषय निघालाच म्हणून लिहितो. लग्नाच्या आदल्या रात्रीच्या समारंभास आता आपल्याकडेही नुसते 'संगीत' म्हणतात. "उद्या मुलीचे संगीत आहे" असे निरोप येतात. उत्तरेकडून आलेला हा प्रघात आहे, आणि नाचण्या-गाण्यास आमची हरकत नाही. परंतु घाणा भरताना म्हणावयाच्या ओव्या आणि विहिणीच्या पंगतीत म्हणावयाची 'विहीण' ही आपल्याच घरांतली होती, आणि ती म्हणणाऱ्या आत्याबाई-मावशीबाई अजून पुष्कळ घरांत आहेत. त्यांच्याकडून उतरवून घेण्यास फार दिवस उरले नाहीत.

मराठवाड्यातील बोलीत या विषयात आणखी एक गंमत आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत जालना हे निजामाच्या राज्यात होते आणि दरबारची भाषा उर्दू होती. त्यामुळे गाण्याचे वाटणारे, पण गाण्याशी काडीचा संबंध नसणारे शब्द येथे विपुल. 'तालेवार' हे विशेषण घ्या. "जालन्याचे तालेवार व्यापारी" म्हटले म्हणजे ते तालात चालत असत, असे नव्हे. तालेवार हा शब्द नशीब या अर्थाच्या अरबी शब्दावरून फारशीच्या वाटेने आला. तालेवार म्हणजे भाग्यवान, म्हणून श्रीमंत. एखाद्या तबलजीस कौतुकाने 'तालेवार वादक' म्हणणे म्हणजे त्याच्या बोटांऐवजी त्याच्या तिजोरीची स्तुती करणे होय. 'तालीम' हा शब्दही शिकविणे या अर्थाच्या अरबी शब्दावरून आला, म्हणून गवयाचीही तालीम असते आणि पैलवानाचीही. 'तालुका'ही त्याच वाटेने आला. त्याचा मृदंगाशी संबंध जोडू नये. आणि आजची मुले ज्यास "लय भारी गाणे" म्हणतात त्यातील 'लय' विलंबित नव्हे की द्रुत नव्हे. ती आपली जुनी 'लई', म्हणजे पुष्कळ.

घरचाच 'राग' घ्या. संस्कृतात राग म्हणजे रंग, अनुरक्ती. मराठीत तो कोपला. म्हणून 'रागीट' हे विशेषण स्वभावाचे, आणि गाण्यासाठी 'रागदारी' वेगळे करावे लागले. "बुवा रागदारी गातात" आणि "बुवा रागाने गातात" यांतील अंतर पहिल्या रांगेतील श्रोत्यांस विचारावे. 'सुरेख' या शब्दातही सूर नाही. सु आणि रेखा मिळून तो झाला, चांगल्या रेषेचे ते सुरेख. चित्र, अक्षर, रांगोळी यांचा तो शब्द. आता तो गाण्यासही सर्रास लावतात आणि वापराने तो रुळला आहे, म्हणून त्यास आम्ही चूक म्हणत नाही. मात्र गाणे खरोखर स्वरात होते, असे सांगावयाचे असेल तेव्हा 'सुरेल' म्हणावे.

'सुरेल' हा रंगेल, रगेल यांच्या जातीचा शब्द. त्याचे रूप लिंगाप्रमाणे पालटत नाही. सुरेल आवाज, सुरेल तान, सुरेल भजन. 'सुरीली तान' हे हिंदी झाले. याच्या उलट 'बेसूर' आणि 'बेसुरा' अशी दोन रूपे आपल्याजवळ आहेत. पहिले अविकारी व दीर्घ सू असलेले, दुसरे विकारी व ऱ्हस्व सु असलेले. बेसुरा गळा, बेसुरी पेटी, बेसुरे मंगलाष्टक. तिसऱ्या उदाहरणास पुरावा देण्याची आवश्यकता कोणत्याही मांडवात पडत नाही. 'भेसूर' मात्र वेगळा ठेवावा. तो भय उत्पन्न करणाऱ्या गोष्टीस लावतात. गाणे बेसूर असले तरी ते भेसूर असेलच, असे नाही. 'एकसुरी' हा शब्द कंटाळ्याचा, आणि 'एकतारी' हा भक्तीचा. स्वर दोहोंत एकच. तरी एकतारी भजन म्हणावे आणि एकसुरी व्याख्यान म्हणावे, उलट करू नये.

आवाजाची विशेषणे माणसास लावताना मात्र फार जपावे, असे आमचे मत आहे. शार्ङ्गदेवाने गायकाचे पंचवीस दोष मोजले आहेत. त्यांत कावळ्यासारख्या कर्कश आवाजाच्या गायकास 'काकी' म्हटले आहे, हे वाचून मराठी घरांत गैरसमज होऊ नये. आवाजाच्या प्रकारांत 'बोंबक' असा एक आहे, एरंडाच्या दांड्यासारखा आतून पोकळ; आपल्या 'बोंबे'ची आठवण करून देणारा. परंतु हे सारे शास्त्रकाराने परीक्षकासाठी लिहिले. आपण घरात सात वर्षांच्या मुलीबद्दल पाहुण्यांदेखत "आमची ही अगदी बेसुरी बरे का" असे हसत हसत म्हणतो, आणि त्या दिवसापासून ती शुभंकरोतीदेखील ओठांतल्या ओठांत म्हणू लागते. अशा कित्येक प्रौढ भगिनी आम्हांस माहीत आहेत, की ज्या भजनी मंडळात टाळ धरतात, पण तोंड उघडत नाहीत, विचारले तर सांगतात, "लहानपणापासून माझा आवाज बेसूर." कोणा काकांनी किंवा वर्गातल्या बाईंनी एकदा योजिलेले विशेषण चाळीस वर्षे चिकटून राहिले.

वास्तविक बेसूर हे विशेषण माणसाचे नव्हेच. ते त्या क्षणी लागलेल्या स्वराचे आहे. मराठीत "सूर लागला", "सूर लागला नाही" असे म्हणतात, ते किती नेमके आहे! आज लागला नाही, उद्या लागेल. गवईसुद्धा मैफलीच्या आरंभी षड्ज लागेपर्यंत थांबतात आणि त्यांस कोणी बेसुरे म्हणत नाही.

घरोघरच्या बेसुरेपणाचे एक कारण तर अगदीच बाहेरचे असते. वडील पेटी घेऊन बसतात, स्वतःच्या सोयीने काळी एक धरतात आणि मुलीस त्याच पट्टीत म्हणावयास सांगतात. पुरुषाच्या गळ्यास बेताची असलेली ती पट्टी मुलींना अनेकदा खाली पडते. खालचे स्वर तिच्या गळ्यात उमटत नाहीत, आणि एक सप्तक वर घ्यावे तर तार स्वरांवर आवाज चिरकतो. तेव्हा विशेषण योजण्यापूर्वी पट्टी काळी चार करावी, षड्ज धरून ठेवावा आणि तेच पद पुन्हा पहिल्यापासून म्हणावयास सांगावे.